खिडकी बंद करून भिंतीवर जंगल दाखवणार? सांगलीकरांनो बोला जरा

आमराईचा फिरस्ता
काल ग्रुपवर एकानं दवाखान्याच्या नव्या वॉर्डचे फोटो टाकलेत. खिडक्या पॅनल ठोकून बंद, समोर भिंतभर स्क्रीन, त्यावर धबधबा आणि पाखरांचा आवाज, आणि खाली लिहिलंय "पेशंटला निसर्ग आता बेडवरच, झाडं लावून जागा अडवायची गरजच संपली". दोनशे लाईक. माझं डोकं फिरलं म्हणून सविस्तर लिहितोय.
१९८४ मध्ये रॉजर उलरिच या संशोधकानं पेनसिल्व्हेनियातल्या एका हॉस्पिटलचे रेकॉर्ड तपासून पेपर छापला. पित्ताशयाचं ऑपरेशन झालेले पेशंट, २३ जणांना खिडकीतून झाडं दिसायची, २३ जणांना विटांची भिंत. झाडंवाले लवकर घरी गेले, कडक पेनकिलर कमी लागल्या. बरं, हे म्हणतील की स्क्रीनवरपण झाडंच आहेत की. तर २००८ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठात पीटर कान यांनी तेही तपासलंय. एकाला खरी खिडकी, एकाला प्लाझ्मा स्क्रीनवर तोच बाहेरचा देखावा, एकाला नुसती भिंत. थोडा ताण दिल्यावर खिडकीवाल्यांचे ठोके लवकर जागेवर आले, आणि स्क्रीन आणि भिंत यांच्यात काही फरक निघाला नाही.
आणि आपल्याला हे अमेरिकेनं शिकवायला पाहिजे का? वानलेसवाडीला टीबीचं सॅनिटोरियम कशाला काढलं होतं मोकळ्या माळावर? हवा, ऊन, झाडं हीच ट्रीटमेंट होती. त्याच जिल्ह्यात आपण खिडक्या बुजवतोय. कागदी फुलांच्या कुंड्या ठेवून बाग म्हणायचा प्रकार आहे हा.

विश्रामबागवाली
दादा, तुम्ही आमराईत रोज चालायला जाता, पाय धड आहेत म्हणून जाता. माझे वडील पक्षाघातानं पडून आहेत, दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि आमच्या खिडकीतून दिसतं काय तर शेजारच्यांच्या एसीचा डबा आणि गिलावा उडालेली भिंत. तुमच्या उलरिचनी सांगितलेली विटांची भिंतच आमच्या वाट्याला आलीय. माझ्या मुलानं टीव्हीवर नदीचे व्हिडिओ लावून दिले. बाबा जन्मभर कृष्णाकाठचे शेतकरी, आता बोलता येत नाही, पण पडद्यावर बैल पाण्यात उतरले की डाव्या हाताची बोटं चादरीवर हलतात, कासरा धरल्यागत. फिजिओवाले दुसरं काही करून ती बोटं हलवू शकले नाहीत. याला कागदी कुंडी म्हणताय? मला लागलं ते.

आमराईचा फिरस्ता
ताई, तुमच्या घराबद्दल मी बोललोच नाही. जिथं खिडकी आहे तिथं ती बंद करण्याबद्दल बोलतोय.

सिस्टर मिरज
मी भाजलेल्या पेशंटच्या वॉर्डात वर्षानुवर्षं काम केलंय म्हणून बोलते. ड्रेसिंग सोडवताना माणूस कसा ओरडतो ते तुम्ही ऐकलेलं नाही. तुम्ही ज्या वॉशिंग्टन विद्यापीठाचा दाखला दिलाय ना, तिथंच हंटर हॉफमन आणि त्यांच्या टीमनं स्नोवर्ल्ड केलं, डोळ्यावर व्हीआर लावायचा, म्हणजे आभासी दुनिया दाखवणारा चष्मा, पेशंट बर्फाच्या दरीत गोळे फेकत बसतो आणि तेवढ्यात ड्रेसिंग होतं. दुखणं कमी जाणवतं, हे त्यांनी पेशंटवर तपासून दाखवलंय. तिथं खिडकीतला वड काय करणार? आणि वानलेसवाडीचं कौतुक करताय तर तेव्हा हवा खाऊनही किती जण दगावायचे तेपण लिहा. टीबी हटला तो स्ट्रेप्टोमायसिन आणि नंतरच्या गोळ्यांनी. खिडकी उघडी टाकली की डास येतात, आणि डेंगीचे पेशंट आम्हीच सांभाळतो.

कवठेमहांकाळ एक्सप्रेस
स्क्रीन का खिडकी हे भांडण नंतर करा, आधी बाहेर झाड शिल्लक आहे का ते बघा. भोसेचा वड विसरला काय? चारशे वर्षांचा म्हणायचे लोक. २०२० ला रत्नागिरी-नागपूर हायवेत जाणार होता, सगळ्यांनी आरडाओरडा केला, रस्ता वळवला, फोटो काढले, आणि २०२२ च्या पावसात पडला. वाचवला म्हणं! बुडाशेजारी एवढी खोदाई केल्यावर झाड उभं राहील होय?

सलगरे पाटील
काय बोलालाय राव. म्हातारं झाड पावसात पडलं, त्यात रस्त्याचा काय दोष? माझ्या भावाला छातीत कळ आली तवा ह्याच रस्त्यानं मिरजेला वेळेत पोचवला. जुना रस्ता असता तर वाटंतच गेला असता. आरोग्य आरोग्य म्हणतायसा, ते हेच की.

कवठेमहांकाळ एक्सप्रेस
भाऊ वाचला चांगलंच झालं. पण रस्ता आणि झाड दोन्ही होऊ शकतं हे तुम्हाला पटतच नाही. सागरेश्वर बघा. उघडाबोडका डोंगर, धों. म. मोहित्यांनी आणि गावकऱ्यांनी झाडं लावली, १९८५ ला अभयारण्य झालं. माणसांनी लावलेलं जंगल आहे ते.

सलगरे पाटील
आणि त्या जंगलातली हरणं कुणाचं पीक खात्यात? माझी सासुरवाडी तिकडंच आहे, रात्री रानात राखणीला जावं लागतंय. शहरवाल्यांनी रविवारी येऊन हिरवळ बघायची, ताजं वाटलं म्हणायचं, आणि झोपमोड शेतकऱ्याची. नुकसानभरपाईच्या कागदाला कोण फिरतंय त्यावर काढा धागा.

आमराईचा फिरस्ता
पाटील, तुमचं भरपाईचं म्हणणं खरं आहे, स्वतंत्र धागा काढा, मी पहिली कमेंट टाकतो. पण इथला मुद्दा वॉर्डाचा आहे.
सिस्टर, ड्रेसिंगच्या वेळी व्हीआर वापरा की, मान्य, शंभरदा मान्य. पण ड्रेसिंग थोडाच वेळ चालतं, उरलेला दिवस पेशंट कुठं बघणार? डासांना जाळी लावता येते, खिडकी बुजवायला लागत नाही. फोटोतल्या वॉर्डाच्या मागं दोन मोठी कडुलिंबं आहेत, मी स्वतः बघितलीत. पॅनल काढलं तर स्क्रीनच्या खर्चात सगळ्या खिडक्यांना जाळ्या बसून पैसे उरतील.

सिस्टर मिरज
जाळी धुणार कोण ते ठरवा आधी. आमच्याकडं जाळ्या होत्या, धूळ बसून वारा बंद, मग कुणीतरी फाडायचं. धुणारा माणूस देत असाल तर मी तुमच्या बाजूनं.

विश्रामबागवाली
म्हणजे ज्याच्यामागं कडुलिंब आहे त्याला खिडकी, आणि आमच्यासारख्यांना? पोस्टवाल्यानं "झाडांची गरज संपली" लिहिलं ते चूकच, एवढं मी मान्य करते. पण स्क्रीन बघणाऱ्याला तुम्ही खोट्यात काढलंत.

आमराईचा फिरस्ता
ताई, माझ्याकडं हरिपूरच्या संगमावर काढलेले सकाळचे लांबलचक व्हिडिओ आहेत, म्हशी, होड्या सगळं आहे, संगीत नाही. बाबांसाठी पाठवू का? पण कुंडीचं वाक्य त्या वॉर्डासाठी होतं आणि ते मी मागं घेणार नाही.

विश्रामबागवाली
पाठवा. वाक्यावर नंतर भांडते.

सलगरे पाटील
भरपाईचा धागा काढलाय. या तिकडं.