शब्दचर्चा : पूलमधल्या ‘स्ट्रोक’ला काय म्हणावं? नेम, टोला की आणखी काही?

पाटी_पेन्सिल
आमच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये पूलचं, म्हणजे काठीने बॉल पॉकेटमध्ये घालायच्या खेळाचं, टेबल आहे. सुट्टीत मुलं रोज खेळतात. त्यांच्यासाठी सरावाची एक-दोन पानं मराठीत लिहिते आहे. विषय एवढाच : सरळ शॉट. काठीने मारायचा पांढरा बॉल, त्याने ढकलायचा समोरचा बॉल आणि पॉकेट एका रेषेत. कट नाही, कोन नाही. बघायला सगळ्यात सोपा, आणि अंतर वाढलं की हाच सगळ्यांचा चुकतो.

अडलंय ते ‘स्ट्रोक’पाशी, म्हणजे पांढऱ्याला मारताना काठी मागे-पुढे नेण्याच्या हालचालीपाशी. ‘नेम अचूक करा’ असं सांगितलं की मुलं समोरच्या बॉलकडे आणखी टक लावून बघतात. काठी कशी जाते तिकडे कोणाचंच लक्ष नसतं. ‘टोला’ आणि ‘फटका’ आहेत, पण ते मैदानावरचे वाटतात. ‘स्ट्रोक’ तसाच ठेवायला माझी ना नाही, फक्त सातवी-आठवीतल्या मुलाला त्या शब्दातून काय करायचं ते उमगत नाही. आणखी एक अडचण म्हणजे ‘ब्रिज’, टेबलावर ठेवलेला पुढचा हात, ज्यावरून काठी सरकते. त्याला पूल म्हणता येत नाही, कारण खेळाचंच नाव पूल. जाणकारांनी मदत करावी.

सातारी_कंदी
टोला नक्कीच नको. टोला विटीदांडूतला. विटी हवेत असते, दांडू खांद्यातून फिरतो, आणि विटी जितकी लांब जाईल तितका टोला भारी. म्हणून क्रियापदही ‘हाणणे’. फटक्यातही आडवा झपाटा आहे, मग तो चाबकाचा असो की बॅटचा. क्यू, म्हणजे पूलची काठी, आडवी फिरतच नाही. कॅरममधली टिचकी मनाने जवळची वाटते, पण तिथे हातात काठी नाही.

माझं मत ‘नेम’लाच. नेम धरणे, नेम साधणे, नेम लागणे, नेम चुकणे : इतकी क्रियापदं तयार असताना नवा शब्द कशाला? गोट्या खेळणाऱ्या मुलालाही नेम कळतो.

हिरवं_कापड
सातारी_कंदी, टोला-फटक्याबद्दल पूर्ण सहमत, पण ‘नेम’बद्दल मला तुमच्याशी भांडायचं आहे. मी बरीच वर्षं नवख्यांना पूल आणि स्नूकर शिकवतो. सरळ शॉट चुकला की मुलगा म्हणतो ‘नेम चुकला’, आणि माझ्या मते त्याची प्रगती तिथेच अडकते.

नेम म्हणजे कुठे मारायचं त्याचा निर्णय. कटच्या शॉटमध्ये, म्हणजे बॉल कोनात पाठवायचा असतो तेव्हा, हा निर्णय खरोखर अवघड असतो : समोरच्या बॉलचा किती भाग घ्यायचा, अर्धा की पाव, हे डोळ्याला ठरवावं लागतं. सरळ शॉटमध्ये ठरवायला काही उरतच नाही. पांढऱ्याचं मध्य, समोरच्याचं मध्य, पॉकेटचं मध्य. नेम सगळ्यांना माहीत असतो, म्हणून तर तो शॉट सोपा दिसतो. तरी चुकतो याचा अर्थ चूक नेमानंतर झाली, काठी पुढे जाताना.

किती बारीक चूक पुरते बघा. पूलचा बॉल ५७ मिलिमीटर व्यासाचा. समजा पांढरा आणि समोरचा यांत १२० सेंटिमीटर अंतर आहे आणि तिथून पॉकेटही तितकंच लांब. पांढरा समोरच्यापाशी पोचेपर्यंत ठरल्या रेषेपासून फक्त १ मिलिमीटर सरकला, तर समोरचा बॉल साधारण १ अंशाने वाकडा निघतो आणि पॉकेटशी २१ मिलिमीटर बाजूला जातो. स्पर्धेच्या टेबलावर कोपऱ्याच्या पॉकेटचं तोंड साधारण ११४ मिलिमीटर असतं, म्हणजे दोन्ही बाजूंना २८ मिलिमीटरची मोकळीक. १ मिलिमीटरची चूक पोटात घातली जाते. दीड मिलिमीटर झाली की बॉल कडेवर आपटतो. सव्वा मीटरमध्ये दीड मिलिमीटर! एवढी अचूकता डोळे वटारून येत नाही, ती काठीच्या चालीतून येते.

त्यामुळे पाटी_पेन्सिल, तुमचा संशय बरोबर आहे. तुमच्या पानांत ‘नेम’ हा शब्द सरळ शॉटसाठी वापरूच नका, असं मी आग्रहाने सांगेन.

न्यूजर्सीकर
इथे बारमध्ये सात फुटी टेबलांवर लीग खेळतो. आमच्याकडचे लोक बाजूच्या फिरकीला ‘इंग्लिश’ म्हणतात. मुंबईच्या क्लबात तिलाच ‘साइड’ म्हणत. मुद्दा असा की हे सगळं शब्दभांडार आपल्याकडे ब्रिटिशांच्या मेस आणि जिमखान्यांतून आलं. स्नूकरचा जन्मच १८७५ मध्ये जबलपूरच्या लष्करी मेसमधला मानतात. स्टन, स्क्रू, कॅनन ही शॉटची नावं, गुण मोजणारा मार्कर, सगळं तसंच राहिलं. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ मध्ये कोलकात्यात आणि १९६४ मध्ये न्यूझीलंडमध्ये हौशी बिलियर्ड्सचे जगज्जेते झाले. एवढा मोठा खेळाडू आपल्या पुण्याचा, पण खेळाचे शब्द मराठीत उतरले नाहीत. म्हणून हा धागा बघून फार बरं वाटलं.

माणदेशी
मी पूल खेळलेलो नाही, पण एक शब्द सुचवतो : हात.

विहिरीत पोहायला शिकवताना ‘चार हात मार’ म्हणतात. दांडपट्ट्याचे आणि लाठीचे ‘हात’ असतात; ‘हात करून दाखव’ म्हणजे त्या चाली करून दाखव. ‘दोन हात करणे’ तर सगळ्यांना माहीत. तबला वाजवणाऱ्याचा ‘हात’ चांगला असतो. आणि एखादं काम सरावाने जमू लागलं की ‘हात बसला’. म्हणजे शस्त्र किंवा साधन घेऊन केलेली एक पूर्ण, घोटलेली हालचाल, या अर्थाने हा शब्द मराठीत जुना आहे. स्ट्रोक म्हणजे तेच ना?

हिरवं_कापड
माणदेशी, तुम्हाला मनापासून दाद. ‘हात बसणे’ आम्ही टेबलापाशी रोज म्हणतो, पण स्ट्रोकलाच ‘हात’ म्हणावं हे डोक्यात आलं नव्हतं. ‘नेम बरोबर होता, हात वाकडा गेला’ हे वाक्य ऐकताच मुलाला कळेल काय दुरुस्त करायचं.

पाटी_पेन्सिल
मलाही शब्द फार आवडला, पण एक शंका. ‘हात सरळ ठेवा’ असं लिहिलं तर मुलं कोपर ताठ करतील. ते तर चुकीचं ना?

हिरवं_कापड
अगदी चुकीचं. कोपर ताठ झालं की खांदा हलतो आणि खांदा हलला की काठी वाकडी जाते. म्हणून क्रियापद बदलायचं. ‘हात सरळ ठेवा’ नाही, ‘हात सरळ जाऊ द्या’.

क्रियापदाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण माझ्या मते खरी गोम तिथेच आहे. आपण सगळे ‘बॉल मारतो’ म्हणतो. मारणे म्हटलं की शरीर मारायच्या तयारीला लागतं : मूठ आवळते, खांदा पुढे येतो, शेवटच्या क्षणी काठीला झटका बसतो. बाण मारतात असंही म्हणतात, पण तिरंदाज स्वतः म्हणतो बाण ‘सोडला’. मी मुलांना सांगतो : काठी सोड. दंड जागेवर राहतो, कोपरापासून खालचा हात लंबकासारखा मागे जातो आणि पुढे येतो. टिप, म्हणजे काठीचं टोक, बॉलला लागते त्या क्षणी खालचा हात साधारण उभा असावा. टिप आणि बॉल एकमेकांना सेकंदाच्या हजाराव्या भागाइतकाच वेळ भेटतात. तेवढ्यात तुम्ही काही दुरुस्त करू शकत नाही. जे सरळ असायला हवं ते आधीपासूनच सरळ असावं लागतं. मग काठी बॉलच्या पलीकडेही त्याच रेषेत जाऊ द्यायची. बॉलला लागताच काठी अडवली तर ते ‘ढोसणं’. हा शब्द मात्र तुमच्या पानात जरूर घ्या. ‘ढोसू नका’ हे मुलं एका दिवसात शिकतात.

सातारी_कंदी
‘नेम’चं मत मागे घेतो, हिरवं_कापड यांचं गणित पटलं. पण नेम आणि हात यांच्या मधला एक शब्द राहतोय : रोख. बंदुकीचा रोख, बोलण्याचा रोख. नेम मनात असतो, रोख हत्याराचा असतो. खेळाडू वाकून बसला, काठी बॉलमागे आणली, पण ती मुळातच पॉकेटच्या रेषेत नसली तर हात कितीही सरळ गेला तरी बॉल चुकणारच. तिथे हाताला दोष देऊन चालणार नाही.

न्यूजर्सीकर
मस्त! मग पुढचा प्रश्न. चुकलेल्या शॉटवरून रोख चुकला की हात चुकला हे ओळखायचं कसं?

हिरवं_कापड
पांढरा बॉल सांगतो. सरळ शॉट असा खेळा की पांढरा समोरच्याला लागताच जागच्या जागी थांबावा. मग फक्त पांढऱ्याकडे बघा.

थांबला आणि निश्चल राहिला, समोरचा आत गेला : सगळं बरोबर.

थांबला पण जागेवरच भोवऱ्यासारखा फिरत राहिला : टिप मध्यावर लागली नाही, डावी-उजवीकडे लागली. बहुतेक वेळा हा हाताचा दोष असतो, म्हणजे काठी जाता जाता कडेला सरकली. यात आणखी नुकसान होतं. टिप डावीकडे लागली तर पांढरा थोडा उजवीकडे निघतो आणि वर त्याची फिरकी समोरच्यालाही ढकलते. बॉल कधी कधी तरीही आत जातो, आणि मुलगा खूश होऊन तोच हात घोटत बसतो. म्हणून आत गेलेल्या शॉटनंतरही पांढऱ्याकडे बघायची सवय लावा.

फिरत नाही, पण डावीकडे किंवा उजवीकडे सरकला : बॉल पूर्ण समोरासमोर लागला नाही. पांढरा डावीकडे गेला तर समोरचा उजवीकडे गेलेला असतो. फिरकी नसताना हे वारंवार एकाच बाजूला होत असेल तर रोख तपासा. उभं राहतानाच रेषेवर या, मग त्याच रेषेवरून खाली वाका. खाली वाकल्यावर काठी हलवून रोख जुळवायला गेलं की खांदा आणि पाय जुन्याच रेषेवर राहतात.

टेबल मोकळं असेल तर हात तपासायला आणखी दोन सोपे प्रकार आहेत. पांढरा टेबलाच्या मधल्या रेषेवर ठेवून समोरच्या कुशनवर, म्हणजे टेबलाच्या रबरी कडेवर, मारा आणि काठी तशीच पुढे ठेवून थांबा. बॉल परत येऊन टिपला लागायला हवा. दुसरा प्रकार : पट्ट्याचा बॉल घ्या, पट्टा उभा, जाण्याच्या दिशेत ठेवा आणि त्यालाच पांढरा समजून मारा. पट्टा चाकासारखा सरळ गेला तर मध्य साधला. डगमगला तर नाही.

माणदेशी
‘ग्रिप’चं काय करणार? ‘पकड’ नको. पकड लोहाराची, पकड पोलिसांची, त्यात आवळणं आलंच.

हिरवं_कापड
बरोबर. ‘मूठ’ म्हणा, आणि ‘मूठ सैल’. मूठ शेवटच्या क्षणी आवळली की मनगट वळतं आणि टिप कडेला जाते.

पाटी_पेन्सिल
सगळ्यांचे मनापासून आभार. पानाचा मजकूर असा करते आहे :

‘सरळ शॉटमध्ये नेम शोधायचा नसतो, तो समोरच असतो. आधी उभं राहून रोख लावा. पुढच्या हाताचा टेकू टेबलावर घट्ट ठेवा. मागची मूठ सैल. काठी सावकाश मागे न्या, क्षणभर थांबा, शेवटची नजर समोरच्या बॉलवर ठेवा आणि हात सरळ जाऊ द्या. ढोसू नका. बॉल पॉकेटमध्ये पोचेपर्यंत डोकं वर उचलू नका. मग पांढऱ्याकडे बघा : तो थांबला का, फिरतोय का, सरकला का? सुरुवात एका हाताच्या अंतरावरून करा. पांढरा सलग निश्चल थांबू लागला की अंतर वाढवा.’

‘ब्रिज’साठी ‘टेकू’ चालेल ना?

हिरवं_कापड
टेकू उत्तम. एकच बदल सुचवतो, ताई. ‘एका हाताच्या अंतरावरून’ काढून ‘दीड फुटावरून’ लिहा. त्याच परिच्छेदात ‘हात’ स्ट्रोकच्या अर्थाने आलाय, मुलं गोंधळतील. आणि ‘सावकाश मागे न्या’च्या आधी ‘टिप बॉलच्या मध्यावर आहे ना ते एकदा बघा’ हे घाला. ते पाहून झाल्यावरच नजर समोरच्या बॉलवर जाते. दोन्हीकडे आळीपाळीने बघत हात सोडला तर तो हमखास वाकडा जातो.

पाटी_पेन्सिल
दोन्ही बदल केले. उद्या छापून टेबलाशेजारच्या भिंतीवर लावते.