अझुसा स्ट्रीटच्या आधी केडगाव

पेंटेकॉस्टल चळवळ, म्हणजे पवित्र आत्म्याने भरून जाण्याच्या अनुभवावर भर देणारी ख्रिस्ती चळवळ, १९०६ साली लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवर सुरू झाली आणि तिथून आपल्याकडे आली, असं सांगितलं जातं, पण ते अर्धंच खरं. पुढे आलेल्या मिशनऱ्यांबद्दल वाद नाही. पण पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये असे अनुभव जून १९०५ मध्येच येत होते. रात्री एक मुलगी पवित्र आत्म्याच्या 'अग्नी'ने भरून उठली, तेव्हा शेजारची मुलगी पाण्याची बादली घेऊन धावली. ओतणार, तेवढ्यात लक्षात आलं की ही काही खरोखर पेटलेली नाही! नंतर मुलींची प्रार्थना-पथकं आसपासच्या गावांत जाऊ लागली. म्हणजे प्रसार करणाऱ्या या मराठी पोरी, बऱ्याचशा दुष्काळातून वाचवून आणलेल्या.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. मुक्तीत काम करणाऱ्या मिनी एब्रम्स यांनी या अनुभवावर छोटं पुस्तक लिहिलं आणि त्याची प्रत चिलीतल्या वालपाराइसोला आपल्या जुन्या वर्गमैत्रिणीला, मिसेस हूवर यांना पाठवली. हूवर पती-पत्नी तिथल्या मेथॉडिस्ट चर्चमध्ये. १९०९ मध्ये तिथे अशीच धार्मिक जागृती झाली आणि चिलीतली पेंटेकॉस्टल चर्चेस त्यातूनच उभी राहिली. गंमत म्हणजे मुक्ती मिशन स्वतः कधी पेंटेकॉस्टल पंथात गेलं नाही.