नवीन गाडीत पावसाचं पाणी येतंय, सर्व्हिसवाले म्हणतात नॉर्मल आहे. तक्रार कुठे आणि कशी करायची?

सातपूरकर (नाशिक):
मंडळी जरा मार्गदर्शन करा, डोकं पार सटकलंय. पाडव्याच्या मुहूर्तावर नवीन गाडी घेतली, ऑन रोड साडेअकरा लाख, त्यावर शोरूममधूनच सीट कव्हर, मॅट, पुढच्या दारांचे स्पीकर, मडफ्लॅप असं सगळं लावून घेतलं. जूनमध्ये पाऊस लागला तसं ड्रायव्हरच्या पायाखाली ओल दिसायला लागली. आधी वाटलं छत्रीचं पाणी असेल, मग एकदा रात्रभर गाडी उघड्यावर होती आणि सकाळी मॅट उचललं तर खालचं कार्पेट पिळून काढावं एवढं ओलं. आता आत बसलं की कुबट वास येतो, आई तर बसायलाच तयार नाही.

सर्व्हिस सेंटरला नेली तर अ‍ॅडव्हायझर म्हणतो काच उघडी राहिली असेल सर. परत नेली तर म्हणे एसीचं पाणी आहे, पावसाळ्यात नॉर्मल असतं. दरवेळी गाडी धुवून, आत परफ्यूम मारून परत देतात आणि वर कहर म्हणजे इंटिरियर क्लीनिंगचं बिल लावलं!! जॉब कार्डवर लिहिलंय काय तर 'जनरल चेकअप'. मॅनेजर कायम मीटिंगमध्ये. सेल्सचा जो पोरगा बुकिंगच्या आधी उठसूट फोन करायचा, चावी देताना पेढा भरवून फोटो काढत होता, तो आता फोन उचलत नाही. आणि मध्येच कॉल येतो, सर फीडबॅकला दहापैकी दहा द्या. गाडी बदलून मागता येते का? का सरळ ग्राहक मंचात जाऊ?

पान्हा_दहाबारा (पुणे):
दुसऱ्या एका कंपनीच्या वर्कशॉपला अ‍ॅडव्हायझर होतो बरीच वर्षं, म्हणून आतलं सांगतो. तुमच्या सगळ्या प्रकरणात सगळ्यात वाईट गोष्ट वास नाही, ते 'जनरल चेकअप' आहे. जॉब कार्डवर जे असतं तेच सिस्टीमला चढतं, म्हणजे कंपनीच्या दप्तरी तुमच्या गाडीत आजपर्यंत एक थेंब पाणी आलेलं नाही. हे चुकून होत नाही दादा. तीच तक्रार परत आली की रिपीट जॉब धरतात, वर्कशॉपचा स्कोअर पडतो, वरून विचारणा होते, मग दरवेळी वेगळ्या नावाने कार्ड उघडायचं. आता जाल तेव्हा तुमच्या शब्दांत लिहून घ्या, 'पाऊस पडल्यावर ड्रायव्हर बाजूच्या कार्पेटखाली पाणी साचतं, आधीही दाखवलंय', आणि ते लिहिल्याशिवाय चावी देऊ नका. गाडी परत घेताना 'काम समाधानकारक' वर सही मागतील, तिथे पेनाने 'गळती कायम' लिहून मग सही करा, फोटो काढून ठेवा. ओटीपी मागितला तर तो कशासाठी आहे ते वाचा, पुष्कळदा तो तक्रार बंद करायचाच असतो. आणि दहापैकी दहा कसले देताय, जे आहे ते सांगा. तो कॉलच वरच्या लोकांपर्यंत पोचतो, म्हणून तर हात जोडतात.

आता गळतीचं. एसीचं पाणी असतं तर कोरड्या दिवशीही आलं असतं, आणि एसीचा ड्रेन पाइप आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत डाव्या बाजूला असतो, तुमचं उजवीकडे आहे. मला संशय स्पीकरचा येतोय. कुठल्याही गाडीच्या दारात काचेच्या रबरातून पाणी उतरतंच, ते दाराच्या खालच्या भोकांतून बाहेर जातं. आतल्या पॅडमागे एक प्लॅस्टिकची शीट चिकटवलेली असते, ती हे पाणी केबिनमध्ये येऊ देत नाही. स्पीकर बसवणारे घाईत ती फाडतात किंवा नीट चिकटवत नाहीत, मग पाणी सरळ पायात. वॉटर टेस्ट करायला सांगा, तुमच्यासमोर, एसी बंद, आत टॉर्च घेऊन एक माणूस, आणि पाणी खालून वर मारत जायचं, आधी दार मग पुढची काच मग टप. वरून सुरुवात केली की ओघळ सगळीकडे जातो आणि काहीच कळत नाही. फार दिवस काढू नका, कार्पेटखालून वायरिंग जातं, कनेक्टर गंजले की भलतेच प्रॉब्लेम सुरू होतात.

रंकाळा_पॉइंट (कोल्हापूर):
भावा एवढं सगळं करत बसलास तर पुढचा पावसाळा येईल. कार्पेट पिळतानाचा व्हिडिओ काढ, कंपनीला टॅग कर, इन्स्टावर टाक एक्सवर टाक, बघ कसा फोन येतोय. माझ्या मेहुण्याच्या गाडीचं एसीचं लफडं असंच सुटलं, टाकल्यावर दुसऱ्याच दिवशी एरिया मॅनेजर लाइनवर. कागदाला कोण विचारतंय राव, लोकांसमोर अब्रू जायला लागली की हलतात.

अर्ज_निवेदन (ठाणे):
मी वकील आहे, ग्राहक आयोगात केसेस करते. रंकाळा, व्हिडिओने फोन येतो हे खरं, पण उदयपूरला २०१९ मध्ये एकाने नव्या गाडीला गाढव जुंपून व्हिडिओ टाकला होता आठवतंय का, कंपनीने उलट त्याच्यावरच कारवाईची भाषा केली होती. टाकायचं तर जे दिसतंय तेवढंच टाका, चोर, फ्रॉड वगैरे शब्द नकोत, आणि व्हिडिओ कागदाच्या ऐवजी नको, कागदासोबत हवा.

सातपूरकर, गाडी बदलून मिळण्याचं मनातून काढा. मारुतीच्या एका केसमध्ये २००६ साली सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की वॉरंटीत बिघडलेला भाग दुरुस्त करणं किंवा बदलून देणं येतं, अख्खी गाडी नाही. दोष मुळातला आहे आणि दुरुस्तच होत नाही असं सिद्ध झालं तर गोष्ट वेगळी, तुमचं तसं दिसत नाही. मागायचं ते असं: कायमची दुरुस्ती, क्लीनिंगचं बिल परत, झालेल्या त्रासाची भरपाई. डीलर आणि कंपनी दोघांनाही ईमेल करा, सोबत जॉब कार्ड, बिलं, फोटो, आणि उत्तर द्यायला पंधरा दिवसांची मुदत. मधल्या काळात १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवा, फुकट आहे, ते कंपनीकडे पाठवतात आणि बऱ्याच केसेस तिथेच मिटतात. नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग, म्हणजे तुम्ही म्हणताय तो ग्राहक मंच. दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्ह्यातच चालतं, तुमच्या रकमेला फी ४०० रुपये, मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे तुम्ही राहता तिथेच दाखल करता येतं, ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइनही होतं, वकील लागतोच असं नाही.

एक मुद्दा मात्र नीट समजून घ्या, कोणाची चूक ते वेगळं मांडायचं. गोव्याच्या एका केसमध्ये डीलरने २०११ मध्ये २००९ चं, ६२२ किमी चाललेलं मॉडेल नवीन म्हणून गळ्यात मारलं होतं. २०२१ ला सुप्रीम कोर्टाने डीलरला जबाबदार धरलं पण कंपनीला सोडलं, कारण कंपनीला ते माहीत होतं असा पुरावाच नव्हता. म्हणून कंपनीला आत्ताच लेखी कळवायचं, म्हणजे उद्या 'आम्हाला कल्पना नव्हती' म्हणता येणार नाही.

सातपूरकर:
सगळ्यांचे आभार. ईमेल टाकला दोघांना, १९१५ वर पण नोंदवलं, आणि मग काय, सर्व्हिस मॅनेजरला अचानक मीटिंगमधून वेळ मिळाला. वॉटर टेस्ट समोर केली. पान्हा भाऊ, मानलं तुम्हाला, दाराचं पॅड काढलं तर शीट स्पीकरपाशी पार फाटलेली, वर सेलोटेप!! पण आता नवीन तुणतुणं, म्हणे अ‍ॅक्सेसरी बाहेरच्या व्हेंडरने बसवली, वॉरंटीत येत नाही, शीट आणि लेबरचे पैसे द्या.

अर्ज_निवेदन:
स्पीकरचं बिल कोणाच्या नावावर आहे? डीलरचा जीएसटी नंबर असेल तर तो व्हेंडर त्यांचा माणूस, तुमचा त्याच्याशी काही संबंध नाही. पैसे देऊ नका, 'वॉरंटीत येत नाही' हे वाक्य ईमेलवर लिहून मागा. बहुतेक लिहून देणारच नाहीत.

सातपूरकर:
बिल डीलरचंच आहे, जीएसटीसकट. आत्ताच मागतो लिहून.

पान्हा_दहाबारा:
आणि नुसती शीट लावून गाडी घेऊ नका. कार्पेटखालचा फोम पाणी धरून बसलेला असतो, ते ड्रायर मारून वाळवला म्हणतील, आठवड्यात वास परत येतो. फोम नवीन टाकून घ्या, जुना काढलेला समोर बघा, आणि दुसऱ्या दाराचं पॅडही उघडायला लावा, तिकडचा स्पीकर पण त्याच माणसाने बसवलाय.