चाळिशीनंतर व्यायामात वर्षभर सातत्य कसे ठेवावे?

प्रश्न

नमस्कार. माझे वय ४८ असून मी नागपुरात प्रतापनगरात राहते आणि नोकरी करते. दिवाळीनंतर मी दरवर्षी अंबाझरी तलावाकडे सकाळी फिरायला जाऊ लागते आणि फेब्रुवारीपर्यंत त्यात सहसा खंड पडत नाही. होळी झाली की मात्र ऊन तापू लागते, उकाड्यामुळे पहाटे कुठे डोळा लागतो आणि फिरणे मागे पडते. आठवडाभर सुटले की पुन्हा सुरू करण्याचा हुरूपच राहत नाही. तिशीत वजन कमी करण्याची जिद्द होती, पण आता काटा फारसा हलत नाही. डॉक्टरांनी साखर काठावर असल्याचे सांगितले आहे, तरी त्या धास्तीचा जोर थोडेच दिवस टिकतो. ज्यांनी या वयात व्यायाम बाराही महिने टिकवला आहे, त्यांनी तो कशाच्या बळावर टिकवला, हे कृपया सांगावे.

पहिले उत्तर

ताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे. तुमचा हुरूप वजनकाट्याशी बांधलेला आहे, तो आधी सोडवावा असे मला मनापासून वाटते. तिशीनंतर दर दशकात स्नायूंचे प्रमाण साधारण ३ ते ८ टक्क्यांनी घटत जाते आणि पाळी थांबण्याच्या काळात स्त्रियांची हाडेही झपाट्याने विरळ होऊ लागतात. जेवणानंतर रक्तात येणारी साखर मोठ्या प्रमाणात स्नायूच उचलतात, म्हणून साखर काठावर असताना ते राखणे फार महत्त्वाचे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांच्या मध्यम श्रमाबरोबरच किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम सांगितला आहे. आपल्याकडे फिरण्यावरच सगळी भिस्त असते आणि हा दुसरा भाग राहून जातो.

मोजायचेच असेल तर हे मोजा. हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, दोन्ही हात छातीवर दुमडा आणि ३० सेकंदांत पूर्ण उभे राहून किती वेळा बसता येते ते दिनदर्शिकेवर लिहून ठेवा. महिन्याने पुन्हा मोजा. वजन जागचे हलले नसले तरी हा आकडा बहुधा वाढलेला दिसतो, आणि त्या वाढीने येणारा उत्साह मी अनेक रुग्णांमध्ये पाहिला आहे.

दुसरे उत्तर

आपल्या शहरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, त्यामुळे उन्हाळ्यात फिरणे सुटते याला आळस म्हणणे मला अन्यायाचे वाटते. हिवाळ्याचा आणि उन्हाळ्याचा असे दोन वेगळे कार्यक्रम होळीपूर्वीच ठरवून ठेवावेत. आमचा सेमिनरी हिल्सवर फिरणाऱ्यांचा गट एप्रिलपासून उजाडण्याआधीच निघतो आणि ऊन चढण्यापूर्वी घरी परततो. कोणी आले नाही की लगेच फोन जातो. माझे स्वतःचे सातत्य बव्हंशी त्या फोनमुळेच टिकले आहे. संध्याकाळी मात्र घाई करू नये, कारण सूर्य मावळल्यावरही डांबरी रस्ते आणि भिंती बराच वेळ धग सोडत राहतात.

तिसरे उत्तर

दादांचे म्हणणे पटते, पण ज्या घरात पहाटे नळाचे पाणी भरायचे आणि सात वाजेपर्यंत डबे तयार करायचे असतात, तिथल्या बाईला त्या वेळी बाहेर पडणे कठीण जाते. मी उन्हाळ्यात रात्रीच्या जेवणानंतर घरातच पंधरा मिनिटे चालते आणि कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत ओट्याला हात टेकून टाचा वर-खाली करते. वेगळा वेळ काढावा लागत नाही, म्हणून हे सुटत नाही.

खंड पडण्याबद्दलही सांगावेसे वाटते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांच्या २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागल्याचे आढळले; कोणाला १८ दिवस पुरले, तर कोणाच्या बाबतीत हा अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. मधला एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्यात फारशी बाधा आली नाही. त्यामुळे एक दिवस राहिला, तर आठवडा बुडाला असे समजू नये.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

सर्वांचे आभार. खुर्चीचा व्यायाम आजपासून सुरू करते. उजवा गुडघा जिना उतरताना दुखतो, तरी चालेल का?

पहिले उत्तर देणाऱ्यांकडून

चालेल, पण खुर्चीवर घट्ट उशी ठेवून बैठक उंच करा आणि सुरुवातीला हातांचा आधार घ्या. गुडघ्याला सूज असेल किंवा दुसऱ्या दिवशीही दुखणे वाढलेलेच राहिले, तर थांबून आधी तपासून घ्या.