झेंडा पाडल्याशिवाय सुटका नाही
बार्बेक्यू नेशन या रेस्टॉरंट साखळीत स्टार्टरवरच पोट भरवतात, मुख्य जेवणाला जागाच उरत नाही, ही फसवणूक आहे, अशी एक तक्रार वाचली; ती निम्मी पटली. शेगडी टेबलात बसवलेली, भाजलेल्या स्टार्टरच्या सळया येतच राहतात, बुफे नंतर. मांडणीच तशी आहे. पण त्याला फसवणूक का म्हणायचं? 2006 साली मुंबईत सुरू झाल्यापासून लोक त्या सळयांसाठीच जातात. मीसुद्धा भाजलेल्या अननसासाठी जातो, बिर्याणीकडे बघतही नाही.

त्या तक्रारीत टेबलावरच्या छोट्या झेंड्याबद्दल मात्र काही लिहिलं नव्हतं. तो उभा असेपर्यंत वाढणं चालू, आडवा केला की बंद. औसा गावच्या माझ्या मामांना पुण्यात तिथे घेऊन गेलो होतो. आयुष्य पंगतीत गेलेलं, त्यामुळे पोट भरल्यावर त्यांनी सवयीने ताटावर हात आडवा धरला. वेटर हसला आणि झेंडा बघून आणखी दोन सळया ठेवून गेला. तिसऱ्या खेपेला मामा कावले, "आरं, ह्यो तर आपल्या भंडाऱ्यातल्या वाढप्याच्या वरताण हाय!" झेंडा पाडायला सांगितला तर म्हणे, झेंडा कशाला पाडायचा, बरं दिसत नाही. शेवटी मीच गुपचूप पाडला. कुल्फीला मात्र मामा स्वतः उठून गेले, दोनदा.