सल्ला हवा: सगळ्यात वेगवान सुरुंग पेरणारं जहाज कुठलं? मॉडेल करायचंय

मालवणचो_काका
मंडळी, पुतण्या नववीत आहे. २०२३ च्या नेव्ही डेला सिंधुदुर्गासमोर जहाजं बघितली तेव्हापासून डोक्यात तेच. आता शाळेच्या प्रदर्शनात जहाजाचं मॉडेल ठेवायचंय आणि सर म्हणाले विक्रांत नको, दरवर्षी चार-पाच विक्रांत येतात. याने कुठेतरी वाचलं की समुद्रात सुरुंग पेरणारी जहाजं असायची आणि त्यातली काही जाम पळायची, झालं, आता सगळ्यात फास्ट तेच करणार म्हणून हटून बसलाय. मला ट्रॉलरच्या पुढचं काही कळत नाही. कुठलं निवडू? लाकडात, घरच्या घरी, दोन-सव्वादोन फुटांत बसेल असं सांगा. किट मागवायचं बजेट नाही.

अलिबागची_अनू
डोळे झाकून ब्रिटिशांचा ॲबडिएल क्लास. सहा जहाजं होती: ॲबडिएल, लॅटोना, मँक्समन, वेल्शमन आणि नंतरची एरियाडनी, अपोलो. खास सुरुंग पेरायलाच बांधलेली, ७२,००० हॉर्सपॉवर, डिझाइन स्पीड ४० नॉट म्हणजे ताशी ७४ किमी, आपली एसटी घाटाखाली पळते तेवढी, आणि पोटात दीडशेच्या आसपास सुरुंग. दुसऱ्या महायुद्धात यांच्या तोडीचं दुसरं खास माइनलेअर, म्हणजे सुरुंग पेरणारं जहाज, नाही.
वेल्शमन कर त्याला सांग. मे १९४२ मध्ये भूमध्य समुद्रातल्या माल्टा बेटाला वेढा पडलेला असताना हे जहाज फ्रेंच डिस्ट्रॉयरसारखं (चपळ लढाऊ जहाजासारखं) दिसेल असा साज चढवून, भरदिवसा शत्रूच्या विमानांच्या नजरेखालून एकटं गेलं. दारूगोळा आणि धूर सोडायचे डबे पोचवले, काही तासांत रिकामं होऊन परत निघालं. पोरांना सांगायला याच्याहून भारी गोष्ट नाही.

देवगडचा_दर्यावर्दी
अनूताई, जहाज बरोबर पण ४० नॉट तक्त्यावर लिहिताना जरा दमाने. तो आकडा हलक्या वजनाचा, कागदावरचा. पूर्ण भरल्यावर चाचणीत ही जहाजं ३५-३६ च्या घरातच होती. नेटवर ४४ वगैरे लिहिलेलं सापडेल, ते सोडून द्या. परीक्षक कोण येईल सांगता येत नाही, नेव्हीतून रिटायर झालेला कोणी आला तर पोराची पंचाईत.
आणि नुसता चाचणीतला वेग धरायचा तर फ्रेंचांचं एमील बेर्ताँ आहे, ३९.६६ नॉट. सुरुंग पेरायची सोय असलेलं क्रूझर, म्हणजे मोठी लढाऊ नौका, नऊ तोफा. १९३९ मध्ये पोलंडचं सोनं बैरूतहून फ्रान्सला आणण्यात हेही होतं. पण ते आधी क्रूझर, मग माइनलेअर, त्यामुळे माझंही मत ॲबडिएललाच.

वेंगुर्ल्याचो_बाबू
अरे पण नुसतो वेगच बघूचो आसा तर जर्मन एस-बोटी खंय गेल्यो? चाळीस नॉट आरामात, आणि सुरुंग पण टाकायच्यो. गंमत म्हणजे ह्या ॲबडिएलाक कोणी बुडवल्यान? सप्टेंबर १९४३, तारांतो बंदर, सैनिक घेवन नांगर टाकून उभा होता आणि खालचो सुरुंग फुटलो. तो पेरलेलो तिथून पळान जाणाऱ्या दोन एस-बोटींनी! सुरुंग पेरणारा जहाज सुरुंगानच गेला 😂

अलिबागची_अनू
बाबू, एस-बोट म्हणजे टॉर्पेडो बोट, मोजके सुरुंग न्यायची. बाकी गोष्ट खरी आहे.

मालवणचो_काका
बाबू, पुतण्यो वाचून उड्या मारतासा. एक शंका, सुरुंग टाकायला एवढं पळायची गरजच काय? टाकायचे आणि यायचं ना?

देवगडचा_दर्यावर्दी
काका, टाकायचे कुठे ते बघा. शत्रूच्या दारात, त्याची जहाजं जातात त्या वाटेवर. दिवसा गेलात तर विमानं फाडून टाकतील. म्हणून अंधार पडला की आत घुसायचं, पेरायचं आणि उजाडायच्या आत विमानांच्या टप्प्याबाहेर पोचायचं, उन्हाळ्यात तर रात्रच एवढीशी. सगळं गणित रात्रीच्या तासांचं, म्हणून इंजिन एवढं मोठं.
पेरायची पद्धतही मॉडेलमध्ये दाखवा. आत झाकलेल्या डेकवर रूळ, त्यावर एकेक सुरुंग आपल्या वजनदार बैठकीसकट ओळीत उभा. मागच्या दारातून पाण्यात सोडला की बैठक तळाला जाऊन नांगरासारखी बसते आणि सुरुंग दोराला बांधलेला वर तरंगायला बघतो, पण पृष्ठभागाच्या थोडा खालीच अडकून राहतो, म्हणून वरून दिसत नाही.
पुढे विमानं आणि पाणबुड्या हे काम करायला लागल्या आणि असली जहाजं बांधायचं कारणच संपलं.

रत्नागिरी_४१५६१२
सगळे वेगाच्या मागे लागलात, पण आपल्या किनाऱ्यावर सुरुंग पेरून गेलं ते कुठलं ते कोणीच सांगेना. जर्मन वोल्फ! मुळात मालवाहू बोट, वेग जेमतेम ११ नॉट, पण दिसायला साधी व्यापारी. पहिल्या महायुद्धात नोव्हेंबर १९१६ ला जर्मनीतून निघाली, आफ्रिकेचं दक्षिण टोक (केप), कोलंबो आणि मुंबईच्या वाटेवर सुरुंग पेरले, आणि फेब्रुवारी १९१८ ला सुखरूप घरी. मुंबईबाहेरचे सुरुंग फेब्रुवारी १९१७ चे. चार महिन्यांनी, जूनमध्ये, पी अँड ओ या ब्रिटिश कंपनीची मोंगोलिया ही प्रवासी बोट मुंबईच्या दक्षिणेला त्यातल्याच एकावर आपटून बुडाली. म्हणजे पेरणारा कधीच पसार, आणि बोट बुडते ऐन पावसाळ्याच्या तोंडावर.
माझा सल्ला, मॉडेल वेल्शमनचं करा आणि तक्त्यावर खाली वोल्फची चौकट टाका. वेग नसेल तर वेषांतर, आणि वेल्शमनने तर दोन्ही वापरलं. आपल्या नौदलाकडे कोकण आणि रत्नागिरी नावाची सुरुंग काढणारी जहाजं होती तेही लिहा, गुण तिथेच मिळतील.

मालवणचो_काका
ठरलं, वेल्शमन. वोल्फचं वाचून आमचे आबा पण येऊन बसले. आता मापं आणि लाकूड सांगा.

अलिबागची_अनू
जहाज १२७ मीटर लांब, १२ रुंद. एकास दोनशे धरलं तर लांबी ६३-६४ सेमी, रुंदी फक्त ६. हे एवढं निमुळतंच ठेवा, मुलं हमखास पोट फुगवतात आणि मग गलबत दिसतं. डेक पुढून मागपर्यंत सलग, मध्ये पायरी नाही. धुराच्या तीन चिमण्या, मधली जाड.

देवगडचा_दर्यावर्दी
लाकूड पांगाऱ्याचं घ्या, हलकं असतं आणि पोराच्या हाताला कापता येतं. सावंतवाडीला चितारआळीत खेळणी करणाऱ्यांकडे विचारा, तुकडे मिळून जातील. फक्त वाळलेलंच घ्या, ओलं घेतलंत तर रंग दिल्यावर आठवड्यात चीर पडते. तळ करत बसू नका, पाण्याच्या रेषेपासून वरचंच करा, फळीवर चिकटवा. मागची दारं उघडी ठेवून दोन-तीन सुरुंग बाहेर येताना दाखवा, मोठे मणी काळे रंगवले की झालं.

वेंगुर्ल्याचो_बाबू
काका, फोटो टाका हां. आणि बाजूक एक एस-बोट पण ठेवा, बारकी.