कॅट्सकिल शिबिर: संमतिपत्राचे सातवे कलम आणि गोचिडींचा प्रश्न

मेधा, मुलुंड

सप्रेम नमस्कार.

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील कॅट्सकिल डोंगरात होणाऱ्या मुलांच्या शिबिराचे संमतिपत्र काल हाती आले. सातव्या कलमात असे म्हटले आहे की मुलाच्या अंगावर गोचीड आढळल्यास ती काढण्याचा आणि ‘आवश्यक वाटल्यास प्रतिजैविक देण्याचा’ अधिकार पालक व्यवस्थापनाकडे सोपवत आहेत. पालकांना कळवण्याचा उल्लेख त्यात कोठेही नाही. माझ्या मुलाला पूर्वी एका प्रतिजैविकाने अंगभर पित्त उठले होते, त्यामुळे बाकी सर्व पानांवर सही केली असली तरी या पानावर करता आलेली नाही. कागद रविवारपर्यंत द्यायचे आहेत. इतर पालकांनी काय केले, हे कृपया कळवावे.

श्रीकांत, विलेपार्ले

मेधाताई, हे कलम तिकडच्या समितीने ठरवलेले आहे. मुंबई गटाने ते लिहिलेले नाही, आणि ते उगाच घातलेलेही नाही. पूर्वीच्या शिबिरात तळ्याकाठच्या मुक्कामात काय घडले ते जुन्या सभासदांना आठवत असेलच. एका मुलीच्या गुडघ्यामागे चिकटलेली गोचीड रात्री आठच्या सुमारास दिसली, पण पालकांची परवानगी मिळेपर्यंत हात लावायचा नाही, असे स्वयंसेविकेने ठरवले. तिकडे रात्रीचे आठ म्हणजे इकडे पहाटेचे साडेपाच. फोन उचलला गेला नाही आणि गोचीड रात्रभर तशीच राहिली. तो प्रसंग पुन्हा येऊ नये म्हणून व्यवस्थापनाला पूर्ण अधिकार देण्यात आले. कागदपत्रांची जबाबदारी माझ्याकडे आहे, म्हणून नम्रपणे सांगतो की ऐन वेळी प्रत्येकाने स्वतःचे कलम लिहून पाठवले, तर तिकडे ते कोणीच स्वीकारणार नाही.

डॉ. वासंती, दादर

श्रीकांतराव, आपण सांगितलेला प्रसंग खरा आहे आणि मेधाताईंची हरकतही रास्त आहे. अडचण अशी की या कलमात दोन अगदी वेगळ्या गोष्टी एका वाक्यात बांधल्या आहेत. त्यांतली एक तातडीची आहे, दुसरीला पुष्कळ वेळ मिळतो.

तातडीची गोष्ट म्हणजे गोचीड काढणे. गोचिडीच्या चाव्यातून होणाऱ्या लाइम रोगाचा जीवाणू, बोरेलिया, हा गोचिडीच्या आतड्यात असतो. ती रक्त पिऊ लागल्यावर तो हळूहळू तिच्या लाळग्रंथींकडे सरकतो आणि मग माणसाच्या शरीरात उतरतो. या प्रवासाला वेळ लागतो, म्हणून चोवीस तासांच्या आत काढलेल्या गोचिडीपासून लाइम होण्याची शक्यता फार कमी असते. दिसली की त्या क्षणी काढावी, परवानगीची वाट पाहू नये, एवढे पालकांनी आधीच लिहून द्यायला हवे. टोकदार चिमट्याने त्वचेच्या शक्य तितक्या जवळ, म्हणजे तिच्या तोंडापाशी धरून, न पिळता आणि न झटकता सरळ वर ओढावी. तोंडाचा एखादा तुकडा त्वचेत राहिला आणि सहज निघत नसेल, तर तो कोरत बसू नये. तो आपोआप बाहेर पडतो. नंतर जागा साबणाने धुवावी.

औषधाचे वेगळे आहे. ते प्रत्येक चाव्याला देत नाहीत. गोचीड काळ्या पायांची, म्हणजे हरणावरची असावी, प्रदेश लाइमचा असावा, ती अंदाजे ३६ तास किंवा अधिक चिकटून राहिलेली असावी आणि काढून ७२ तास उलटलेले नसावेत, एवढे सारे जुळले तर डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाची एकच मात्रा देतात: मोठ्यांना २०० मिलिग्रॅम, लहान मुलांना वजनाप्रमाणे किलोमागे ४.४ मिलिग्रॅम. न्यूयॉर्कच्या वेस्टचेस्टर परगण्यात झालेला आणि २००१ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास या उपचाराचा मुख्य आधार आहे. त्यात औषध घेतलेल्या २३५ जणांपैकी एकाला चाव्याच्या जागी लाइमचा चट्टा आला, औषधाविना राहिलेल्या २४७ जणांपैकी आठ जणांना. औषध उपयोगी आहे यात शंका नाही. पण औषधाविनाही बहुसंख्यांना काही झाले नाही, हेही त्यातूनच दिसते. बहात्तर तासांत मुंबईला फोन करून मुलाची ॲलर्जी विचारता येत नाही, असे कोणी म्हणू नये.

माझी सूचना एवढीच आहे की कलमाचे दोन भाग करावेत.

हेमंत, डोंबिवली

वासंतीताईंनी सविस्तर लिहिले आहे, तरी गोचिडीचा एवढा बाऊ करावा असे मला वाटत नाही. भीमाशंकरपासून नाणेघाटापर्यंत पावसाळ्यात जळवा आणि इतर वेळी गुरांच्या वाटेवरच्या गोचिडी आमच्या अंगावर नेहमीच असतात. रॉकेलचा बोळा लावला की त्या सुटून पडतात. आमच्या गटात आजवर कोणालाही लाइम झालेला नाही.

उज्ज्वला, गोरेगाव

हेमंत, तुमच्या गटाला लाइम झाला नाही, कारण तो रोग पसरवणारी गोचीड सह्याद्रीतल्या त्या वाटांवर नाही. मात्र आपल्याकडच्या गोचिडी निरुपद्रवी आहेत, असा अर्थ कृपया कोणी काढू नये. माझे माहेर बांद्याजवळचे आहे. २०१६ पासून दोडामार्ग आणि सावंतवाडीकडे माकडतापाने माणसे दगावली आहेत. तोही गोचिडीमुळेच होतो. १९५७ साली कर्नाटकात शिमोग्याजवळच्या क्यासनूर जंगलात तो प्रथम ओळखला गेला. आमच्याकडे साथीच्या दिवसांत काजू वेचायला बागेत जाणाऱ्या बायका गोचीड चिकटू नये म्हणून अंगाला तेल चोळून जात असत, आणि रानात माकड मरून पडलेले दिसले की गावात लगेच निरोप फिरत असे. हा ताप विषाणूमुळे होतो, त्यावर प्रतिजैविकाचा काहीही उपयोग होत नाही.

डॉ. वासंती, दादर

उज्ज्वलाताईंशी मी पूर्ण सहमत आहे. हेमंत, रॉकेल, व्हॅसलीन, काडीचा चटका, तंबाखूचे पाणी हे उपाय मुलांना चुकूनही शिकवू नका. डिवचलेली गोचीड आपली लाळ जखमेत सोडण्याचा धोका असतो, शिवाय ती सुटण्याची वाट पाहण्यात वेळ जातो.

त्यातही शिबिर जूनमध्ये आहे. मे ते जुलै या काळात तिकडे पिल्लावस्थेतील गोचिडी सर्वाधिक असतात, आणि त्या खसखशीच्या दाण्याएवढ्या असतात. दंश दुखत नाही, खाजही फारशी येत नाही. मुलांनी रोज संध्याकाळी एकमेकांची मान, कानामागची जागा आणि केसांची कड तपासावी आणि काख, बेंबी, जांघ, गुडघ्यामागची घडी स्वतः पाहावी. जंगलातून आल्यावर कपडे धुण्याआधी ड्रायरमध्ये कडक उष्णतेवर दहा मिनिटे फिरवले तर त्यांतल्या गोचिडी मरतात. नुसत्या थंड पाण्याच्या धुण्याने त्या मरत नाहीत.

मेधा, मुलुंड

वासंतीताई, मनापासून आभार. एक शंका राहते. आमच्या बालरोगतज्ज्ञांनी सांगितले की डॉक्सिसायक्लिनमुळे लहान मुलांचे दात कायमचे पिवळे होतात. शिबिरात सात वर्षांची मुलेही आहेत.

डॉ. वासंती, दादर

ही समजूत टेट्रासायक्लिन गटातील जुन्या औषधांमुळे रूढ झाली आणि आम्हीही तेच शिकलो. डॉक्सिसायक्लिनबाबत मात्र अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे मत आता बदलले आहे; तीन आठवड्यांपर्यंतचा उपचार कोणत्याही वयात देता येतो, असे ते सांगतात. एका मात्रेने दात बिघडण्याची भीती बाळगू नये. आपल्या मुलाला कोणत्या औषधाने पित्त उठले होते त्याचे नाव मात्र जुन्या कागदांतून अवश्य शोधून ठेवा.

संजीवनी, अंधेरी

चर्चा तिकडच्या दिवसांपुरतीच चालली आहे. आमच्या घरी जे झाले ते मुलगा मुंबईला परतल्यावर झाले, म्हणून लिहिते. माझा भाचा कनेक्टिकटमध्ये उन्हाळा घालवून जुलैत परत आला. मांडीवर गोल चट्टा होता. पावसाळ्यात गजकर्ण घरोघरी असते, त्यामुळे कोणालाच वेगळे वाटले नाही. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने नेहमीची मलमाची ट्यूब दिली. चट्टा पसरत पसरत तळहाताहून मोठा झाला आणि फिकट होऊन गेला, तेव्हा मलमाने गुण आला असेच आम्ही समजलो. काही आठवड्यांनी सकाळी चूळ भरताना त्याच्या ओठाच्या एका बाजूने पाणी गळू लागले आणि एक डोळा मिटेना. तोपर्यंत तो अमेरिकेत जंगलात राहिला होता, हे कोणत्याही डॉक्टरांनी विचारले नव्हते आणि आम्हीही सांगितले नव्हते. लाइमचे निदान झाल्यावर औषधे लागू पडली आणि चेहरा पूर्ववत झाला. पालकांनी हे ध्यानात ठेवावे.

डॉ. वासंती, दादर

संजीवनीताईंनी जे लिहिले ते या सबंध चर्चेत मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

लाइमचा चट्टा चाव्यानंतर ३ ते ३० दिवसांनी उमटतो. म्हणजे शिबिरात चावा आणि मुंबईत चट्टा, हे अगदी संभवते. पुस्तकांतली चित्रे बहुधा गोऱ्या कातडीवरची असतात. लालभडक कडा आणि मध्ये फिकट वर्तुळ असे त्यांत दिसते. आपल्या सावळ्या त्वचेवर तोच चट्टा जांभळट, तपकिरी किंवा मुका मार लागल्यासारखा दिसू शकतो, आणि पुष्कळदा मध्ये वर्तुळ नसतेच. गजकर्णाला खाज असते, कडेला कोंडा सुटतो. लाइमचा चट्टा बहुधा खाजत नाही, त्याला कोंडा नसतो, तो दिवसागणिक रुंदावत जातो. स्टेरॉइड मिसळलेले मलम लावल्यास दोन्हींचे रूप बदलते आणि मग त्वचारोगतज्ज्ञालाही ओळखणे कठीण जाते. प्रवासातून परतलेल्या मुलाच्या चट्ट्यावर दुकानातून आणलेले कोणतेही मलम लावू नका. आधी त्याचे छायाचित्र काढा आणि पेनाने कडेवर खूण करा.

तापाचेही तसेच आहे. जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईत ताप आला की आपण डेंग्यू, मलेरिया आणि लेप्टो तपासतो, आणि ते तपासायलाच हवेत. परंतु त्याच गोचिडीतून बॅबेसिया नावाचा परजीवीही येतो, आणि रक्ताच्या काचपट्टीवर तो मलेरियाच्या परजीवीसारखाच दिसतो. डॉक्सिसायक्लिनची एक मात्रा त्याला अडवत नाही. प्रवास सांगितला नाही, तर प्रयोगशाळेला बॅबेसियाची शंकाही येणार नाही.

उतरल्या उतरल्या सर्व मुलांची लाइमची रक्ततपासणी करावी, असा प्रस्ताव काहींनी फोनवर मांडला. ते पैसे वाया जातील. ही तपासणी प्रतिद्रव्ये शोधते आणि ती तयार व्हायला काही आठवडे लागतात. सुरुवातीला ती नकारात्मक आली, तर पालक निर्धास्त होतील आणि नेमका तेव्हाच चट्टा दुर्लक्षित राहील. चट्टा स्पष्ट असेल तर तपासणीची वाट न पाहता उपचार सुरू करतात.

म्हणून शिबिराकडून मला अधिकारापेक्षा नोंद हवी आहे. गोचीड कोणत्या तारखेला, शरीरावर कोठे सापडली, रक्त पिऊन फुगलेली होती की चपटी, औषध दिले की नाही, हे एका कार्डावर लिहून ते मुलाबरोबर परत यावे. गोचीड चिकटपट्टीत बंद करून ठेवली तर जात ओळखता येते.

हेमंत, डोंबिवली

चिमट्याचे पटले, रॉकेल बंद. पण कपड्यांसाठी परमेथ्रिन हे कीटकनाशक सांगितले जाते, ते आपल्याकडे औषधाच्या दुकानात खरजेच्या मलमात मिळते. तेच मोज्यांना चोळून पाठवावे का?

डॉ. वासंती, दादर

नाही. ते मलम ५ टक्क्यांचे आणि त्वचेसाठी आहे. कपड्यांवरचा फवारा वेगळा असतो, ०.५ टक्के, तो कपड्यांवर, बुटांवर आणि तंबूवरच मारून पूर्ण वाळू द्यायचा असतो, अंगावर कधीही मारायचा नसतो. तो तिकडेच घ्यावा. अंगासाठी २० ते ३० टक्के डीट (कीटक दूर ठेवणारे रसायन) असलेले द्रावण घ्यावे, आणि पँटचे पाय मोज्यांत खोचावेत, मुलांना ते कितीही गबाळे वाटले तरी.

श्रीकांत, विलेपार्ले

तिकडच्या समितीशी आज सकाळी बोलणे झाले. मी आधी लिहिल्याप्रमाणे प्रत्येक पालकाचे वेगळे कलम त्यांना मान्य नाही, परंतु सर्वांसाठी एकच सुधारित कलम त्यांनी मान्य केले आहे. ते असे:

‘७ (अ) गोचीड आढळताच ती काढण्यास पालकांची संमती आहे; त्यासाठी वेगळी परवानगी घेतली जाणार नाही. ७ (आ) कोणतेही प्रतिजैविक देण्यापूर्वी पालकांशी किंवा त्यांनी नेमलेल्या व्यक्तीशी बोलणे होईल. ७ (इ) प्रत्येक दंशाची लेखी नोंद मुलासोबत परत पाठवली जाईल.’

‘नेमलेली व्यक्ती’ हा शब्दप्रयोग समितीच्या आग्रहावरून आला. इकडे पहाट असताना फोन उचलला गेला नाही, तर तिकडे राहणाऱ्या एखाद्या नातेवाइकाचा क्रमांक त्यांना हवा आहे. ज्यांचे तिकडे कोणी नाही, त्यांनी मला कळवावे. जुन्या सभासदांपैकी दोघांनी तयारी दाखवली आहे.

नवे पान आज रात्री पाठवतो. ज्यांनी आधीच्या पानावर सही केली आहे त्यांनीही नव्यावर पुन्हा करावी. मेधाताई, औषधाचे नाव सापडल्यास ते सातव्या कलमाच्या पानावर न लिहिता पहिल्या पानावरील ॲलर्जीच्या रकान्यात लिहावे, कारण शिबिरातील परिचारिका तेच पान आधी उघडते.